खोकणारी रानडुकरं

१

पोळ्याच्या सकाळी, शिंगांना बेगड लावायच्या वेळी, बोरखडीतल्या वामनरावांचा लाल्या गोठ्यात मरून पडलेला सापडला. वर्षभर मान मोडून राबायचं आणि वर्षातून एक दिवस पाटावर बसल्यासारखं जेवायचं, एवढंच बैलाच्या वाट्याला येतं. लाल्याला तो दिवसही मिळाला नाही.

पोलीस पाटील खुशालराव अर्धवट बांधलेल्या पागोट्यानिशीच धावत आले. वामनराव त्यांचे चुलतभाऊ. दोन्ही घरांत भिंत एकच. लाल्या वासरू होता तेव्हापासून खुशालरावांच्या हातची भाकर खात आला होता. ते त्याच्या मानेपाशी बसले, खांद्यावरचं नवं पांढरं उपरणं काढून त्याच्या तोंडाचा फेस पुसला, मान पुसली, वशिंड आणि खांदा चोळचोळून पुसला, आणि भर अंगणात हमसून रडले.

रडणं ओसरलं तसा राग आला. खुशालरावांचा राग नेहमी आधी येई. विचार त्याच्या मागून धापा टाकत येई.

"हे त्या सुभद्रेचं काम आहे, खुशाल," वामनराव म्हणाले. "आठ दिवसांपासून नाल्यात रानडुकरं मरून राह्यले. तिनं रताळ्यात जहर घालून ठेवलं. डुकरं मेले, नाल्याचं पाणी नासलं, अन्‌ काल संध्याकाळी माह्या लाल्यानं थेच पाणी पेलं."

जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. सुभद्रा माळीण, चार वर्षांपूर्वी विधवा झालेली. नाल्याकाठी तिचा दीड एकराचा मळा होता. वांगी, मिरच्या, रताळी पिकवून दर्यापूरच्या बाजारात ती स्वतः नेऊन विकायची. मागच्याच बाजारी तिनं सगळ्यांसमोर बोटं मोडली होती, "माहे रताळे उकरणाऱ्या डुकरायले जहर घालीन!" ते अर्ध्या गावानं ऐकलं होतं. रागात माणूस काय काय बोलतो. पण ते बोल बाईचे असले की लोक जपून ठेवतात.

सुभद्रेला ओढत आणलं. तिच्या हाताला अजून मातीच होती.

"जहर कुठून आणलं?" खुशालराव गरजले.

"मी नाही घातलं, पाटील. बोलली होती, घातलं नाही."

"मंग डुकरं कशानं मेले?"

सुभद्रेनं जरा विचार केला आणि म्हणाली, "डुकरं खोकत होते, पाटील. महिनाभर झाला, खोकून राहिले. माणसासारखे."

आधी खुशालराव हसले, मग सगळं गाव हसलं. मेलेला बैल समोर पडलेला असताना माणसं पोट धरून हसली. हसता हसताच पंचांनी निकाल दिला: चौथ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सुभद्रेनं गाव सोडायचं. खुशालरावांनी मान हलवली. चार पोरं तशीच धावत गेली आणि तिच्या मळ्याचं काटेरी कुंपण उपटून नाल्यात फेकून आली.

२

दुसऱ्या दिवशी खुशालराव नाल्यावर गेले. मेलेली डुकरं ओढून दूर टाकायला माणसं लावायची होती, नाहीतर गावात रोगराई पसरली असती. पाटलाचं काम होतं, दुसरं मनात काही नव्हतं.

नाल्याच्या दोन्ही काठांना कापूस कंबरेएवढा उभा होता. सन अठराशे चौसष्ट. अमेरिकेत कुठंशी लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली. अकोल्याच्या पेठेत कापसाचं सोनं झालं. त्या सोन्यापायी बोरखडीनं गुरांचं कुरण नांगरलं, स्मशानाची कड नांगरली, पायवाटासुद्धा नांगरल्या. रान उरलंच नाही, मग डुकरांनी राहायचं कुठं? ती सगळी या नाल्याच्या ओल्या लव्हाळ्यात दाटीवाटीनं येऊन बसली होती. या सगळ्या काळ्या-हिरव्या कापसात भाजीचा एकच तुकडा उरला होता, तो सुभद्रेचा. त्याला लागूनच वामनरावांचं शेत.

खुशालरावांनी मेलेली डुकरं मोजली. आठ. नाकाला धोतराचा सोगा लावून ते परत फिरणार, एवढ्यात थबकले. आठही पिल्लं होती. याच वर्षीची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी वाळलेली. सुळेवाला मोठा डुक्कर एकही नाही.

जहराची रताळी टाकली तर पहिला घास कोण घेईल? कळपातला मोठा डुक्कर घेईल. पिल्लांना तो जवळ तरी येऊ देईल का? आणि जहर खाल्लेलं जनावर एका दिवसात मरेल. त्याच्या बरगड्या दिसायला महिना लागतो.

ते तसेच उभे राहिले. सकाळची वेळ, वारा पडलेला. आणि मग समोरच्या लव्हाळ्यातून आवाज आला. कोरडा, खोल, ओढून ओढून काढलेला. एकदा, दोनदा, मग उबळच.

कोणीतरी खोकत होतं.

३

सहदेव पारध्याचं पाल गावापासून कोसभर दूर, कारण त्याहून जवळ त्याला कोणी येऊ देत नसे. डुकरं पिकात शिरली की मात्र सगळ्यांना तो आठवायचा.

"खोकणारं डुकर?" सहदेव म्हणाला. "त्यात काय नवल, पाटील? आमी असं डुकर फाशात घावलं तरी सोडून देतो. खात नाही."

"काहून?"

"चाला, दाखवतो."

नाल्यात त्या सकाळचंच मेलेलं एक पिल्लू होतं, नववं. सहदेवनं सुरी काढली, छाती उघडली, फुप्फुसं बाहेर काढली आणि केळीच्या पानावर ठेवली. जन्मात डुकराला बोट न लावलेले खुशालराव वाकून बघत राहिले. रागानं त्यांना तिथं धरून ठेवलं होतं. फक्त तो राग कोणावर हे अजून ठरलं नव्हतं.

फुप्फुस वरून बरं दिसत होतं. खालच्या मागच्या कडेला मात्र ते फिकट पडून घट्ट झालं होतं. सहदेवनं तिथं चीर दिली आणि दोन बोटांनी दाबलं. श्वासाच्या नळीतून फेस आला आणि फेसाबरोबर पांढरे धागे आले. शिवणीच्या दोऱ्याएवढे बारीक, बोटभर लांब. एक, पाच, मग गुंताच.

त्यातला एक वळवळला.

"किडे," सहदेव म्हणाला. "छातीत भरतात. डुकर ओल्या जागेत माती उकरते, गांडुळं खाते. जिथं एकाच जागी लई डुकरं अन्‌ लई गांडुळं, तिथलेच खोकतात. माह्या बापानं सांगतलं, मी पाह्यलं. मोठे निभून नेतात, पिल्लं मरतात."

"म्हंजे जहर नाही?"

"जहर खाल्लेलं जनावर असं सुकत नाही, पाटील. अन्‌ हे पहा." त्यानं पोटाची पिशवी चिरली. आत माती, मुळं आणि गांडुळांचे तुकडे होते. रताळं नव्हतं.

खुशालराव काठावर बसले. सुभद्रेनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर खरं सांगितलं होतं, आणि त्यावर पहिलं हसू त्यांचं होतं.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि ते उठून उभे राहिले. डुकरांना जहर नव्हतं, तर पाण्यातही नव्हतं. आणि पाण्यात जहर नव्हतं, तर लाल्याच्या तोंडाला फेस कशाचा होता?

४

लाल्याला गुरांना होतो तसा काही रोग झाला असेल, असं धरून चालावं असं खुशालरावांना फार वाटत होतं. म्हणून त्यांनी आधी वामनरावांचा गडी भगवंत याला गाठलं. भगवंत कापसाच्या ओळीत निंदत होता.

"लाल्या आजारी होता?"

"नाही जी. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सोता नाल्यावर नेलं दोघायले. लाल्या अन्‌ चांद्या, दोघंबी पोटभर पेले."

"दोघंबी?"

भगवंतच्या हातातलं खुरपं थांबलं. "एका दोरानं बांधलेली जोडी हाय, पाटील. एक पेते तवा दुसराबी पेतेच." मग तो घाबरला. "मालक म्हनतात लाल्याच पेला. मालक म्हनतील तसं."

"अन्‌ मंग खांद कोणी शेकले?"

"मले मालकानं दिवस बुडायच्या आतच घरी धाडलं. म्हने, यंदा खांद मीच शेकतो."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात बैलांचे खांदे शेकतात. जिथं वर्षभर जू बसतं त्या जागेवर हळद आणि लोणी चोळायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. हे मालकानं स्वतः करावं यात वावगं काहीच नव्हतं. खुशालरावांनीही आपल्या बैलांचं स्वतःच केलं होतं.

तरी त्यांच्या मनाला काहीतरी टोचलं. वामनरावांनी गेल्या दहा वर्षांत एकदाही बैलांचे खांदे शेकले नव्हते. खांदशेकणी दर वर्षी भगवंतच करायचा.

ते वामनरावांकडे गेले. वामनराव ओट्यावर बसून पान लावत होते.

"दादा, चांद्यानंबी थेच पाणी पेलं. तो कसा जगला?"

"चांद्या पेला नाही," वामनराव शांतपणे म्हणाले. "गडी खोटं बोलते. अन्‌ तू पारध्याच्या नादी लागून डुकरं चिरून राहिला, असं गाव म्हणते. पाटलाले शोभते का हे? परवा त्या बाईले वाटेला लावलं की झालं. मळा पडीक पडू नये म्हणून मी वाहीन, गावाचं भलं."

गावाचं भलं! खुशालरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हातात काय होतं? एका पारध्याचा शब्द आणि एका गड्याचा. दोन्ही पंचांनी फुंकर मारून उडवले असते. खुशालराव घरी आले.

५

घरी त्यांची बायको गोदाबाई रिठ्याचं पाणी घेऊन धुणं धुवायला बसली होती. तिच्या एका हातात एक उपरणं, दुसऱ्या हातात दुसरं.

"अवो, हे तुमचं खांद शेकतानीचं उपरणं," ती म्हणाली. "हळद काई निघत नाही. तीन पाणी झाले. आता हे पिवळंच राहीन."

"राहू दे."

"अन्‌ हे नवं. लाल्याले पुसलं थे. लोकांच्या तोंडचा फेस पुसता अन्‌ माह्या माथी मारता." तिनं ते उलगडून उन्हात धरलं. "पण हे निघालं बाप्पा एका पाण्यात. कोरं झालं."

खुशालराव पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता थांबले.

"गोदे, पाण्यात घालायच्या आधी त्याच्यावर हळद होती?"

"नव्हती. फेस होता अन्‌ शेण. हळद असती तर दिसली नसती का मले?"

खुशालराव त्या कोऱ्या कापडाकडे बघत राहिले. याच कापडानं त्यांनी लाल्याचा खांदा चोळचोळून पुसला होता. लाल्या तांबडा, त्याच्या अंगावर हळद आहे की नाही ते डोळ्यांना कळलं नसतं. कापडाला कळलं होतं.

ते तसेच उठून मधल्या भिंतीच्या दारातून वामनरावांच्या परसात गेले. वामनरावांची बायको माणिकबाई चुलीपुढं बसली होती. पोळ्यापासून तिनं धड खाल्लं नव्हतं. लाल्याचं वासरूपण तिच्याच हाताखाली गेलं होतं.

"वहिनी, एकच सांगा. खांद शेकायले हळद-लोणी तुमीच देल्लं न?"

"हो, भाऊजी. वाटीभर देल्लं. अर्धं तसंच परत आलं."

"अन्‌ आणखी काई मागितलं दादानं?"

माणिकबाईनं पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "ज्वारीचं पीठ अन्‌ गूळ. मी म्हटलं, उद्या पुरणपोळी आहे, आज गूळ कशाले? तर माह्यावर वसकले. भाऊजी, मागच्या दारची कण्हेर पाहा."

मागच्या दारी महादेवाच्या पूजेसाठी लावलेली कण्हेर होती. खालची एक फांदी सपासप ओरबाडलेली होती. ज्या झाडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, त्याचा विषारी पाला गुळाच्या गोळ्यात घातला की बैल विश्वासानं गिळतो, कारण तो मालकाच्या हातातून येतो.

६

चौथ्या दिवशी सकाळी पंच महादेवाच्या पारावर जमले. सुभद्राही होती, दोन गाडगी आणि एक बोचकं घेऊन. ती कोणाकडेच बघत नव्हती.

खुशालरावांनी आधी सगळ्यांना नाल्यावर चालवत नेलं. पंच कुरकुरले, नाकं मुरडली, पण पाटलाचा चेहरा बघून गेले. सहदेवनं त्यांच्यासमोर आणखी एक पिल्लू उघडलं, फुप्फुस दाबलं, पांढरे धागे काढून दाखवले. म्हातारे केशवराव पंच दोन पावलं मागे सरले आणि लव्हाळ्यातल्या खोकल्याचा आवाज ऐकून तिथंच उभे राहिले. नंतर कोणी हसलं नाही.

सगळे पारावर परतले.

"डुकरं किड्यानं मेले," खुशालराव म्हणाले. "पाणी चांगलं. मंग लाल्या कसा मेला? दादा, तुमीच सांगा. आदल्या दिवशी खांद शेकले?"

"शेकले न," वामनराव म्हणाले.

"आवतण देल्लं?"

"देल्लं."

"दोघायले?"

"दोघायले. बैल दोन होते, दोघायलेच देईन न?"

"भगवंत, चांद्याले आण."

पांढराफेक चांद्या पारासमोर आला. त्याच्या खांद्यावर चार दिवसांची हळद अजून पिवळीधमक होती. मग खुशालरावांनी दोन उपरणी पारावर पसरली. एक कायमचं पिवळं झालेलं, दुसरं कोरं.

"हे पिवळं, माह्या बैलांच्या खांद्याचं. हे कोरं, लाल्याच्या खांद्याचं. तुमी सगळे पाहत होते, मी यानंच पुसला त्याले. ज्यायनं त्याले खांद देऊन पुरला त्यायनं आपले हात आठवून पाहा. कोणाचे पिवळे झाले होते?"

लाल्याला उचलणारे दहा-बारा जण आपल्या तळव्यांकडे बघू लागले.

"वाटीभर हळद-लोण्यातलं अर्धं परत आलं. एका बैलापुरतंच वापरलं. बैल सकाळी मेला, आवतण संध्याकाळचं. मंग संध्याकाळीच कोणाले ठाऊक होतं, की लाल्या उद्या जेवाले येणार नाही?"

खुशालराव एक एक शब्द दाताखाली चावत बोलत होते, "बाईच्या बोलण्याचं निमित्त होतं. डुकरांच्या मरणाचं निमित्त होतं. फक्त एक बैल कमी पडत होता. आपलाच मारला, म्हंजे कोणी शंका घेणार नाही. दीड एकर काळ्या जमिनीत आणखी कापूस पेरायसाठी."

वामनरावांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आता ना शांतपणा होता ना मोठेपणा.

"हळद लावाले हात उचलला होता मी, खुशाल," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "चांद्याचा खांद शेकला. मंग लाल्याकडे गेलो. त्यानं मान पुढं केली. पण जेवाले बोलावून... जेवाले बोलावून जहर कसं देऊ त्याले? जहर देल्लं, पण आवतण देणं नाही झालं माह्याच्यानं."

कोणाच्या तरी घशातून हुंदका आला. खुशालरावांच्या नाही. त्यांना इतका राग आला होता की डोळ्यांपुढं पार दिसेनासा झाला.

"बैलाले खोटं आवतण देतानी हात थरथरला!" ते ओरडले. "अन्‌ या बाईले गावातून काढतानी नाही थरथरला? बैलापेक्षाबी कमी वाटली का ही? उद्या सकाळी माह्यासोबत दर्यापूरले तहसिलीत चालायचं. भाऊ म्हणून एक शब्द बोलू नका."

७

दुपारी खुशालराव मळ्यावर गेले. एकटेच. नाल्यात फेकलेले बोरीचे काटे त्यांनी स्वतः ओढून वर आणले. हाताला जागोजागी रक्त आलं. सुभद्रा वांग्यांच्या वाफ्यात पाठमोरी बसली होती. चार दिवसांत उघड्या मळ्यातली अर्धी रताळी डुकरांनी उकरून नेली होती.

त्यांनी कुंपणाचा पहिला खुंट ठोकला. दुसरा ठोकला. तिनं बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"सुभद्रा," शेवटी तेच म्हणाले, "मले पयल्याच दिवशी तुले नीट विचारायले पाह्यजे होतं."

तिनं मागं वळून पाहिलं.

"विचारलं होतं न, पाटील. मी सांगतलंबी होतं. तुमी हासले."

एवढं बोलून तिनं पुन्हा वांग्यांकडे तोंड केलं. त्यांनी पुढचा काटा उचलला. नाल्याच्या लव्हाळ्यात एक पिल्लू खोकलं, बराच वेळ खोकत राहिलं. दोघांनीही ते ऐकलं. खुशालराव खाली मान घालून संध्याकाळपर्यंत कुंपण बांधत राहिले.